पैसे पाठवू, दाणे की आणखी काही? सुदानमधल्या एका घराबद्दल सल्ला हवा आहे

उंटावरचा_शहाणा

मंडळी, विषय लांबचा वाटेल, पण इथे शेतीतले, बँकेतले, दवाखान्यातले लोक आहेत म्हणून इथेच विचारतो.

मी खार्तूममध्ये एका बांधकाम कंपनीत कामाला होतो. १५ एप्रिल २०२३ ला, ईद आठवड्यावर आलेली असताना, सुदानचं लष्कर (जनरल बुरहान) आणि आरएसएफ हे निमलष्करी दल (हेमेदती) एकमेकांवर तुटून पडले. 'ऑपरेशन कावेरी'त पोर्ट सुदानहून जेद्दाह आणि तिथून भारत असा मी सुटलो. आता नोकरीनिमित्त पुन्हा जेद्दाहलाच आहे.

आमचा स्टोअरकीपर मात्र तिथलाच. त्याने बायको-मुलं, म्हातारे आईवडील सगळ्यांना घेऊन मूळ गाव गाठलं, जझीरा प्रांतात, वाद मदनीजवळ. "गावात शेत आहे, कालवा आहे, तिथे कोण उपाशी मरतंय?" असं म्हणाला होता. त्याचं गणित बरोबरच होतं. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या बेचक्यातला हा भाग, १९२५ पासून सेन्नार धरणाच्या पाण्यावर भिजतोय. कापूस, ज्वारी, गहू, भुईमूग. देशाचं कोठारच म्हणा.

डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफ वाद मदनीत शिरली. हे लोक पूर्वेला गादारिफला पळाले. जानेवारी २०२५ मध्ये लष्कराने शहर परत घेतलं, त्यानंतर काही महिन्यांनी ते गावी परतले. त्याने फोटो पाठवले. गावच्या पिठाच्या गिरणीची मोटर काढून नेलेली, नुसता चौथरा आणि चार बोल्ट. कालव्यात माणूसभर गवत. परसात जमिनीखाली ज्वारी साठवायचा खड्डा होता (ते मतमूरा म्हणतात), तो उकरून रिकामा केलेला.

मी त्याला दर महिन्याला थोडे पैसे पाठवतो. त्याचा सख्खा भाऊ इथेच आहे, तो बँकक नावाच्या मोबाईल ॲपवरून त्याच्या खात्यात टाकतो. प्रश्न असा: हे असंच चालू ठेवू, की एकदाच मोठी रक्कम देऊन बियाणं, शेळ्या असं काही उभं करून देऊ? की गावात जे सार्वजनिक स्वयंपाकघर चालतं, तकिया म्हणतात, त्याला देऊ? आमच्या मेसमधला एक जण म्हणतो की पाठवलेला पैसा शेवटी बंदूकवाल्यांच्याच खिशात जातो.

आणि एक शंका. २०२४ चा पाऊस तिकडे चांगला झाला होता. तरी त्याच वर्षअखेर देशात पाच ठिकाणी भूकबळीची सर्वांत वरची पातळी जाहीर झाली. पीक असून घरात दाणा नाही, हे होतं कसं?

पुणेरी_पाटी

"आधी आपल्या देशातल्या भुकेचं बघा" असं कोणीतरी म्हणणारच आहे, म्हणून मीच म्हणून मोकळा होतो. आता पुढच्यांनी कामाचं बोलावं.

टक्केटोणपे

शहाणेसाहेब, शंकेपासून सुरू करतो.

घरात अन्न येतं ते चार वाटांनी. स्वतःच्या शेतातलं, मजुरी करून मिळवलेलं, बाजारातून विकत आणलेलं, आणि अडीनडीला नातेवाइकांनी किंवा सरकारने दिलेलं. अवर्षणात पहिली वाट बंद होते, दुसरी अर्धी. पण मुंबईचा मुलगा मनीऑर्डर करतो, बाजार भरलेला असतो, रोजगार हमीवर खडी फोडता येते. १९७२ ला महाराष्ट्र तगला तो या बाकीच्या वाटांवर. युद्धात चारही वाटा एकाच महिन्यात बंद होतात. शेताकडे जाता येत नाही, मुकादम पळून गेलेला, बाजार जळलेला, आणि ज्या मामाकडे हात पसरायचा तोही तुमच्याच शेजारच्या तंबूत.

आकडा हवा असेल तर, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) अंदाजानुसार २०२३ चं सुदानचं धान्य उत्पादन आदल्या वर्षापेक्षा ४६ टक्क्यांनी घटलं. ते पावसाने नव्हे. डिझेल नाही, बँकेचं पीककर्ज नाही, खत नाही, पेरायला माणूस नाही. २०२४ ला उत्पादन सावरलं, पण कुठे? पूर्वेकडे, गादारिफच्या बाजूला. मरत होते पश्चिमेला, दारफूरमध्ये. मध्ये हजारभर किलोमीटर आणि दर काही मैलांवर एक नाका, प्रत्येक नाक्यावर ट्रकमागे वसुली. ती वसुली शेवटी पिठाच्या भावातच निघते.

अमर्त्य सेन यांनी ४३ च्या बंगालबद्दल हेच मांडलं: धान्य किती आहे यापेक्षा ते घेण्याची ताकद कोणाच्या हातात उरली हे बघा. जपान ब्रह्मदेशात आला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी किनारपट्टीच्या होड्याच काढून घेतल्या. होडी गेली म्हणजे कोळ्याची मासळी गेली, कुंभाराचा बाजार गेला. सरकारी कागदावर ते 'संरक्षण' होतं.

सोलापुरी_शेंगा

मतमूऱ्याचं वाचून उडालोच. अहो ही तर आपली पेवं!

आमच्या आजोळी, तुळजापूर तालुक्यात, वाड्याच्या चौकात दोन पेवं होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र पोटासारखं रुंद. कडेला कडब्याचा थर, मग ज्वारी, वर दगड आणि मातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं टिकायची. उघडायची वेळ आली की तोंड मोकळं करून दिवसभर तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. आतल्या वायूने माणसं गेलेली आहेत. त्या ज्वारीला आंबूस वास यायचा, भाकरी जरा काळपट, पण पोटाला चालायची.

आजी सांगायची, रझाकारांच्या वेळी (४७-४८) याच पेवांवर शेणाचा सडा घालून वर गुरं बांधायचे, म्हणजे झडतीला आलेल्यांना जागा कळू नये. त्याआधीपासून निजाम सरकारची लेव्ही होतीच. वर्षाचं धान्य लेव्हीवाल्यांपासून वाचवायचं आणि उरलेलं रझाकारांपासून. पुढे फारच झालं तेव्हा बायका-पोरं बैलगाडीने बार्शीला, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, भारतात नेऊन ठेवली. पुरुष पेरणीला रात्रीचे परत यायचे. जमीन पडीक पडली तर पुढचं वर्ष गेलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तेव्हा शहाणेसाहेब, मोठी रक्कम देणार असाल तर आधी विचारा, वस्तू लपवता येते का? दिसणारी वस्तू नेली जाते.

खवय्या_नं_१

अवांतर: सुदानमध्ये ज्वारीचं काय करतात? भाकरी थापतात का?

उंटावरचा_शहाणा

@खवय्या, थापत नाहीत, पसरतात. पीठ रात्रभर आंबवतात, पातळ करून गरम तव्यावर खजुरीच्या पातीच्या तुकड्याने भराभर फिरवतात. कागदाइतकं पातळ होतं, त्याला किस्रा म्हणतात. आणि असीदा म्हणजे घट्ट उकड, मध्ये खळगा करून त्यात वाळवलेल्या भेंडीचं कालवण. सोलापूरकर असाल तर पहिल्या घासाला घरी आल्यासारखं वाटेल. गेल्या वर्षी गादारिफला असताना यांच्या घरी दिवसाला एकदा असीदा, तीही कालवणाशिवाय, मीठ घालून.

@टक्केटोणपे, नेमकी हीच गंमत (गंमत कसली) त्याने सांगितली होती. गादारिफ म्हणजे ज्वारी-तिळाची देशातली मोठी पेठ. ते राहत होते शाळेच्या वर्गात, आणि रस्त्याच्या पलीकडे धान्याची थप्पी लागलेली. घ्यायला पैसे नाहीत. ॲपमध्ये पैसे असले तरी रोख नोटा मिळवायला कमिशन कापलं जायचं.

मुक्काम_एटापल्ली

सुदान मी पाहिलं नाही. पण नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला गेली म्हणून लिहितो.

तिथे बाजार आठवड्यातून एकदा. मीठ, तेल, मिरची, सुकट सगळं त्या एका दिवशी. बंदचं पत्रक लागलं, झाडं पाडून रस्ता अडवला की तो बाजार भरत नाही. मग सरळ पुढच्या आठवड्यापर्यंत मिठाची बोंब. नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह २८ जुलै ते ३ ऑगस्ट. म्हणजे ऐन रोवणीचे दिवस. शहरातल्या बातमीत 'सप्ताह शांततेत पार पडला' एवढंच येतं. ज्याचे पऱ्हे (धानाची रोपं) बांधीत तसेच राहिले, मजूर दुसऱ्या गावाहून येऊ शकले नाहीत, त्याचं धान दिवाळीला किती कमी भरलं हे कोण मोजणार?

दुसरं, मोह वेचायला बायका पहाटे अंधारात निघतात, मार्च-एप्रिलमध्ये. उशीर केला तर फुलं गुरं खातात. जंगलात शोधमोहीम चालू असली की घरचे अंधारात जाऊ देत नाहीत. मे मध्ये तेंदूपत्ता. वर्षाचा रोख पैसा या दोन हंगामांतला. तो गेला की जूनमध्ये बियाण्याला सावकार.

आणि तिसरं, ज्यावर कोणी बोलत नाही. रात्री बंदूक घेऊन दहा जण आले आणि भात शिजवा म्हणाले तर नाही म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी शिजवला म्हणून दिवसा दुसरे विचारायला येतात. मोठी खरेदी करून घरी निघालं तरी 'एवढा तांदूळ कुणासाठी?' एका घराची हंडी दोन्हीकडून रिकामी होते. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये तर २००५ नंतर सलवा जुडूमच्या (नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करण्याच्या मोहिमेच्या) काळात गावंच्या गावं छावण्यांत आणली गेली, कित्येक जण आंध्रात पळाले. शेतं तशीच पडून. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते बंद केलं, पण पडीक जमीन निकालाने कसत नाही.

चष्मेबहाद्दर

माफ करा, पण गडचिरोलीची तुलना सुदानशी? रेशन दुकान आहे, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवलं जातं, अंगणवाडी आहे. गेल्या काही वर्षांत तर परिस्थिती खूपच निवळली आहे. उगाच सगळं एका मापाने मोजू नये.

मुक्काम_एटापल्ली

@चष्मेबहाद्दर, तेच तर सांगतोय न भाऊ. एवढ्याशा गोळीबारात, रेशन असतानाही, घराचं गणित एवढं बिघडते. जिथं रेशनच नाही आणि तोफा चालू आहेत तिथं काय होत असेल, त्याचा अंदाज यावा म्हणून लिहिलं. आणि निवळली आहे हे खरं. बाजार आता रात्री दिवे लावून भरतात, ते बघून बरं वाटते.

फोंडेकार

थोडं अवांतर. ५५ साली भारताने गोव्याची हद्द बंद केली, गोळीबार रोजचा नव्हता पण नाकेबंदी होती. आमचा आजा सांगायचा, बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानातला. घाटावरची भाजी बंद, मिरची बंद. बेळगावची कांदी-मिरची रानातून चोरवाटेने यायची आणि तिचा भाव ऐकून आजी हुमणात तिखट मोजून घालायची. पण खनिजाचा पैसा होता म्हणून बोटीने माल आला. पैसा आणि बंदर दोन्ही होतं, म्हणून उपाशी कोण राहिला नाही. हॉलंडचे बटाटे मात्र बेचव होते म्हणे.

पुणेरी_पाटी

चव नसलेल्या बटाट्याचा एवढा राग पुण्यात पण कोणी सत्तर वर्षं धरत नाही.

डॉ_सातपुडा

मी नंदुरबारच्या बाजूला काम केलेलं आहे. एक गोष्ट दिसायला हवी म्हणून लिहिते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल. हीच पट्टी धडगावला, हीच दारफूरला. आपल्याकडे लाल आलं की मूल पोषण पुनर्वसन केंद्रात जातं. तिकडे काय होतं बघा. अशा मुलांना देतात ती शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल यांची पाकिटातली पेस्ट. एका पाकिटात ५०० कॅलरी, पाणी घालावं लागत नाही, शिजवावं लागत नाही. सुदानमध्ये तिच्या ६० टक्के गरजेइतकं उत्पादन करणारा खार्तूममधला कारखाना मे २०२३ मध्ये, युद्धाच्या सुरुवातीलाच, जळून गेला. त्याच डिसेंबरात वाद मदनीतलं जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं, त्यात जवळपास १५ लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं धान्य होतं.

आता घरात. गिरणी बंद पडली की बाई ज्वारी अख्खी भिजवून उकडते. त्याला जळण दुप्पट लागतं. जळणासाठी लांब जावं लागतं, आणि त्या वाटेवरच बायकांवर हल्ले होतात. म्हणून मग कच्चंपक्कं शिजवतात. लहान मुलाला ते पचत नाही, हगवण लागते. त्यात पाणी घाण, सुदानमध्ये कॉलऱ्याची साथही येऊन गेली. म्हणजे पोटात गेलेलं अन्नही अंगी लागत नाही. आणि सगळ्यात शेवटी जेवते ती आई, हे सांगायला सुदानला जायची गरज नाही. अंगावर पिणारं मूल असलं तर तिचं एक जेवण बंद म्हणजे दोघांचं बंद.

शहाणेसाहेब, गिरणीच्या मोटरचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण मला त्या सगळ्या यादीत तीच सर्वांत महत्त्वाची वाटली.

काथ्याकूट

डॉक्टरबाई, प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो.

धाग्यात कोणी अल फाशरचं लिहिलं नाही. दारफूरमधलं हे शहर एप्रिल-मे २०२४ पासून वेढलेलं होतं. पुढे तर शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, उपग्रहातून दिसतो. आत बाजार होता, भाव ऐकून लोक परत फिरत. माणसं अंबाझ खात होती. म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, जी आपण म्हशीला घालतो. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. पुढे पुढे ती पेंडही मिळेना. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. जवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच भूकबळी जाहीर झाले होते, एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफने ती छावणीच उद्ध्वस्त केली.

तर अशा ठिकाणी ॲपवर पैसे पाठवून काय होणार? पैसा आहे, विकत घ्यायला काही नाही.

ध_चा_मा

मेसमधल्या मित्राचं म्हणणं मला पटतं. मदत म्हणजे युद्धाला इंधन. धान्य पाठवा, नाक्यावर अर्धं जातं. पैसे पाठवा, कमिशनमध्ये जातात. मदत बंद करा, लढणारे आपोआप थकतील.

टक्केटोणपे

@ध_चा_मा, बंदूकवाला शेवटी उपाशी राहतो, पहिला नाही. थकतात ती पोरं. आणि हे सगळं आपोआप घडतंय असं समजू नका. उपाशी मारणं हे लढाईचं हत्यार म्हणूनच वापरलं जातं, म्हणून तर सुरक्षा परिषदेने २०१८ मध्ये ठराव क्र. २४१७ करून त्याचा निषेध केला. ठरावाने पोट भरत नाही हे मान्य, पण "चुकून अन्न तुटलं" ही पळवाट त्याने थोडी अरुंद झाली. सुदानमध्येच बघा, चाडच्या हद्दीवरचा आद्रे नाका फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराच्या सरकारने बंद केला, ऑगस्टमध्ये उघडला. जून ते सप्टेंबर हा तिकडचा सर्वांत ओढगस्तीचा काळ, जुनं संपलेलं, नवं आलेलं नाही. बरोबर तेव्हाच दार बंद. आणि डिसेंबरात भूकबळीचा अहवाल येणार म्हटल्यावर सरकार त्या मोजणीतूनच बाहेर पडलं.

ध_चा_मा

सरकारने बंद केला? मला वाटत होतं फक्त ते आरएसएफवाले.

टक्केटोणपे

दोघंही. एकाने लुटलं आणि वेढा घातला, दुसऱ्याने परवाने अडवले.

गुरांचा_डॉक्टर

सैन्यातून निवृत्त. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भारतीय तुकडीसोबत मलाकलला होतो. आपल्या तुकडीचं काम तिथे जनावरांच्या दवाखान्यामुळे ओळखलं जातं, ते उगाच नाही. तिथल्या माणसाचं बँक खातं म्हणजे गुरं. लग्न त्यावर, दंड त्यावर, आणि दुष्काळात एक बैल विकून ज्वारीची पोती. भांडणात पहिल्यांदा गुरं पळवतात. एका रात्रीत त्या घराची दहा वर्षांची शिल्लक गेली. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथे युनिटी भागात भूकबळी जाहीर झाले, त्यामागे ही गुरांची लूट आणि लढाईने माणसांचं पाणथळीत पळणं होतं. तिथे पाणकमळाची कंदं खाऊन लोक जगले.

शहाणेसाहेबांना व्यवहाराचा सल्ला: गाय नको, शेळी द्या. पळायची वेळ आली तर शेळी माणसाबरोबर चालते, लवकर वितं, एक विकली तर बाकीचा कळप राहतो. पण आधी लस. परक्या बाजारातली शेळी थेट गोठ्यात घेतली तर पीपीआरने (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) सगळ्या जातील.

वाशी_मार्केट

आमच्या धंद्यातून दोन शब्द. सुदानचा डिंक जगात सर्वांत जास्त, शीतपेयापासून गोळ्यांपर्यंत जातो, युद्धातही बाहेर पडतोय, हद्दीवरून हद्दीवर. जे विकून बंदुका येतात त्याला वाट सापडते, ज्वारीला सापडत नाही. म्यानमारचंही तेच. तिथे यादवी चालू आहे आणि तुमच्या पापडाचा उडीद बराचसा तिकडून येतोय. २०२२ ला युक्रेनमुळे सूर्यफूल तेलाचा डबा कुठे गेला होता आठवा. तुम्ही शेंगदाणा तेलाकडे वळलात, झालं. आफ्रिकेतल्या ज्या देशात पाव हेच जेवण, त्यांनी कुठे वळायचं?

खवय्या_नं_१

उडदाच्या पापडाचा घास अडकवलात राव.

अनामिक_बँकवाली

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? धागा भटकतोय.

माझं मत: घराजवळ बाजार चालू असेल तर पैसे द्या. बाईला माहीत असतं आज पीठ हवंय की औषध की साबण. धान्य दिलं तर ती त्यातलं अर्धं विकून औषध आणते, तेही पडत्या भावाने. बाजारच बंद असेल तर पैशाचा उपयोग नाही, तिथे सामायिक स्वयंपाकघरच. खरं तर खार्तूममध्ये लोकांना जगवलं ते अशा मोहल्ल्यातल्या पोरांनी चालवलेल्या स्वयंपाकघरांनी. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत एकाएकी थांबली तेव्हा त्यातली शेकडो बंद पडली, परदेशातल्या सुदानी लोकांच्या पैशावर जी तग धरू शकली ती उरली. म्हणजे तुमच्यासारख्यांचा पैसा बिनकामाचा नाही.

रक्कम मात्र महिन्याची थांबवू नका. एकरकमी दिलेलं बियाणं भुकेल्या घरात पेरलं जात नाही, शिजवलं जातं. आधी जेवणाची सोय, मगच बियाणं. आणि वाट अधिकृतच ठेवा, हवालावाल्याच्या नादी लागू नका.

सोलापुरी_शेंगा

बियाणं शिजवण्याबद्दल +१. बहात्तरला आमच्याकडे हेच झालं होतं.

उंटावरचा_शहाणा

सगळ्यांचे आभार. काल सुट्टी होती, त्याच्याशी व्हिडिओवर निवांत बोललो. इथले प्रतिसाद त्याला तोडक्या अरबीत सांगितले. पेवाचं ऐकून म्हातारे वडील पडद्यावर आले, तुमच्याकडे कडबा लावतात का चगाळ, असं विचारत होते. शेंगाभाऊ, उत्तर तुम्ही द्या.

यंदा त्याने निम्मंच शेत पेरलं. कालव्याचं पाणी त्याच्या चारीला पोचत नाही, वरच्या पावसावर जेवढं आलं तेवढं. ज्वारी आता काढून झाली आहे. त्याच्या हिशोबाने मार्चपर्यंत पुरेल. म्हणजे मार्च ते पुढच्या काढणीपर्यंत खरी अडचण. तेव्हा महिन्याचे पैसे चालू ठेवायचे, उलट एप्रिलपासून थोडे वाढवायचे, आणि बियाण्याचे जूनच्या तोंडावर वेगळे द्यायचे, असं ठरलं. शेळ्यांना तो नको म्हणाला. चोऱ्या अजून होतात.

मोठ्या रकमेचं विचारलं तर त्याच्या बायकोने मागून उत्तर दिलं: गिरणी. गावातल्या बायका डोक्यावर ज्वारी घेऊन पलीकडच्या गावाला जातात, दळणाचा मोबदला धान्यातच कापला जातो. डॉक्टरबाईंचा अंदाज अचूक निघाला. इथे आमच्या जुन्या कंपनीतले सहा-सात जण आहेत, सगळे मिळून खर्च उचलू शकू. गिरणी गावाच्या मालकीची राहील, मशिदीच्या समितीकडे. वीज भरवशाची नाही. डिझेल महाग, पण मिळतं. कोणाला यातलं कळतं का?

डॉ_सातपुडा

हे उत्तम झालं. दळण कमी दमात झालं तर त्या बाईचे रोजचे दोन-तीन तास वाचतील, ते विसरू नका.

जात्यावरची_ओवी

आमची इचलकरंजीला पिठाच्या गिरणीच्या सुट्या भागांची कार्यशाळा आहे. उत्तरं देण्याआधी हे विचारून घ्या: जुनी गिरणी दगडी होती की हॅमरची? दगड शाबूत आहेत का? चौथरा आणि बोल्ट आहेत म्हणताय, तर बोल्टांमधलं अंतर मोजून फोटो पाठवायला सांगा. ज्वारीसाठी दगडी असेल तर आठ-दहा एचपीचं डिझेल इंजिन पट्ट्यावर चालेल. राजकोटची लिस्टर पद्धतीची संथ इंजिनं आफ्रिकेत जुनी ओळखीची आहेत, सुटे भाग पोर्ट सुदानलाही मिळायला हवेत. इथून पाठवायच्या भानगडीत पडू नका, तिकडेच घ्या. आणि रात्री इंजिन काढून आत ठेवता येईल अशी चाकाची चौकट करून घ्या.

सोलापुरी_शेंगा

@उंटावरचा_शहाणा, कडबाच. आणि त्यांना सांगा, तोंडाशी राख पसरायची, किडा येत नाही. त्यांच्याकडे काय पसरतात ते विचारून ठेवा.